इंग्रजी शब्दांतील स्वरजोड्यांचे उच्चारण आणि मराठी विद्यार्थी : प्रचलित नियमांची व देवनागरी लेखनाची चिकित्सा

सारांश

इंग्रजी शब्दांत दोन स्वराक्षरे लागोपाठ आली असता त्यांचा उच्चार कसा करावा, हा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढील नित्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर म्हणून 'पहिला स्वर आपले नाव सांगतो, दुसरा अनुच्चारित राहतो' असा एक नियम शिकविला जातो आणि त्याच्या जोडीला शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून दिले जातात. प्रस्तुत निबंधात या दोन्ही साधनांची चिकित्सा केली आहे. हा नियम सर्व जोड्यांना सारखा लागू पडत नाही. देवनागरी लेखन काही भेद उत्तम दाखविते, तर काही भेद पूर्णपणे झाकून टाकते. विद्यार्थ्याच्या ज्या उच्चारांना आपण चुका म्हणतो, त्यांतील बऱ्याच उच्चारांमागे मराठीची स्वतःची नियमबद्ध ध्वनिव्यवस्था असते. ती ओळखून अध्यापन केल्यास अर्थभेदक उच्चार साधता येतील, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : स्वरजोडी, द्विस्वर, संयुक्त स्वर, ऱ्हस्वदीर्घभेद, देवनागरी लेखन, उच्चारण-अध्यापन.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात जून २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. त्या वर्षी पहिलीत बसलेली पिढी २०१२ च्या सुमारास महाविद्यालयात आली. इंग्रजीशी बारा वर्षांचा परिचय झालेला विद्यार्थी आता पदवीच्या वर्गात असतो, ही शिक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना होय. तथापि या परिचयाचे स्वरूप प्रामुख्याने डोळ्यांचे राहिले, कानांचे फारसे झाले नाही. अहिल्यानगर महानगरपालिकेच्या हद्दीतील, पुणे मार्गावरील केडगावसारख्या उपनगरात नगर, पारनेर, श्रीगोंदा या तालुक्यांतील मराठी माध्यमाच्या शाळांतून विद्यार्थी येतात. त्यांना इंग्रजी शब्द दिसतात पुष्कळ. ते अधिकारी मुखातून ऐकू येतात कमी. साहजिकच अक्षरांवरून उच्चाराचा अंदाज बांधण्याची वेळ त्यांच्यावर सतत येते आणि हा अंदाज सर्वाधिक फसतो तो स्वरजोड्यांच्या ठिकाणी.

हा प्रश्न केवळ 'शुद्ध' उच्चाराच्या हौसेचा नाही. मुलाखतीत, चर्चासत्रात वा वर्गातील प्रकट वाचनात एखादा शब्द चुकला की विद्यार्थी गप्प बसतो आणि पुढे बोलण्याचेच टाळतो. इंग्रजीच्या भीतीचे एक मूळ येथे आहे. म्हणून आपण जे नियम शिकवितो ते कितपत खरे आहेत, हे तपासणे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.

प्रस्तुत निबंधात इंग्रजी अक्षरे त्यांच्या नावांनी, म्हणजे ए, ई, आय, ओ, यू अशी दिली असून स्वरजोडी 'ई-ए', 'ओ-ओ' याप्रमाणे दर्शविली आहे. आवश्यक तेथे इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ कंसात दिला आहे. देवनागरीत केवळ उच्चार लिहिला असता मूळ शब्द कोणता हे नेहमी कळत नाही, हा अनुभव वाचकांना पुढे अनेकदा येईल आणि तोच या निबंधाचा एक विषय आहे.

२. संज्ञांचा गोंधळ

या विषयातील पहिली अडचण परिभाषेची आहे. परंपरागत मराठी व्याकरणात ए, ऐ, ओ, औ या चार स्वरांना 'संयुक्त स्वर' म्हणतात. अ आणि इ मिळून ए, अ आणि उ मिळून ओ, ही संस्कृत संधीवर आधारलेली मांडणी शाळेतच पाठ होते. परंतु आजच्या मराठीत ए आणि ओ यांचा उच्चार करताना जीभ एका स्थानावरून दुसऱ्या स्थानाकडे सरकत नाही. 'केस', 'पोट' या शब्दांतील स्वर आरंभापासून अखेरपर्यंत एकच राहतात. ऐ व औ यांचे तसे नाही. 'बैल', 'मौज' या शब्दांत अइ, अउ असे सरकणे स्पष्ट ऐकू येते. म्हणजे चार संयुक्त स्वरांपैकी दोन नावाने संयुक्त व ध्वनीने साधे आहेत.

इंग्रजीत याच प्रकारची विसंगती, परंतु लेखनाच्या बाजूने, आढळते. 'ब्रेड' (पाव) या शब्दात ई आणि ए ही दोन स्वराक्षरे आहेत, पण ध्वनी एकच साधा स्वर आहे. उलट 'टाइम' (वेळ) या शब्दात आय हे एकच अक्षर सरकत्या स्वरासाठी योजले आहे. 'क्रिएट' (निर्माण करणे) या शब्दात पुन्हा ई आणि ए शेजारी येतात, पण ते दोन वेगळ्या अवयवांतील दोन स्वतंत्र स्वर आहेत. मराठी व्याकरणातून आलेला विद्यार्थी 'दोन अक्षरे म्हणजे संयुक्त स्वर' असे समजून चालतो आणि या तिन्ही प्रकारांची सरमिसळ करतो.

यासाठी तीन संज्ञा वेगळ्या ठेवणे इष्ट आहे. शेजारी येणाऱ्या दोन स्वराक्षरांना 'स्वरजोडी' म्हणावे. ही लेखनाची बाब आहे. एकाच अवयवात एका स्थानाकडून दुसऱ्याकडे सरकणाऱ्या ध्वनीस 'द्विस्वर' म्हणावे. ही उच्चाराची बाब आहे. 'संयुक्त स्वर' ही संज्ञा संस्कृत-मराठी व्याकरणातील संधिविचारापुरती ठेवावी. इंग्लंडमधील प्रमाण उच्चारात सुमारे वीस स्वरध्वनी मानले जातात. त्यांतील बारा साधे आणि आठ द्विस्वर. ते लिहिण्यासाठी स्वराक्षरे मात्र पाच. इतके ध्वनी इतक्या थोड्या अक्षरांनी लिहावयाचे तर अक्षरांच्या जोड्या करणे अपरिहार्यच होते. स्वरजोडी ही इंग्रजी लेखनाची गरज आहे. तिच्यावरून द्विस्वराचे अनुमान काढता येत नाही.

३. 'पहिला स्वर बोलतो' या नियमाची चिकित्सा

प्राथमिक स्तरापासून सांगितला जाणारा नियम असा : दोन स्वर शेजारी आले की पहिल्याचा दीर्घ उच्चार, म्हणजे त्याच्या नावासारखा उच्चार होतो आणि दुसरा मुका राहतो. 'रेन' (पाऊस) मध्ये ए, 'सीट' (आसन) मध्ये ई, 'बोट' (नौका) मध्ये ओ ऐकू येतो, हे खरे आहे. नियम आकर्षक आहे आणि नवशिक्याला धीर देणारा आहे. प्रश्न त्याच्या व्याप्तीचा आहे.

थिओडोर क्लायमर या अमेरिकी अभ्यासकाने १९६३ मध्ये प्राथमिक वर्गांच्या वाचनपुस्तकांतील सुमारे २,६०० शब्दांवर अशा ४५ नियमांची पडताळणी केली. प्रस्तुत नियम ३०९ शब्दांना लागू पडला आणि ३७७ शब्दांनी तो मोडला. म्हणजे नियमाची उपयुक्तता ४५ टक्के ठरली. एखादा नियम शिकविण्यायोग्य मानण्यासाठी क्लायमर यांनी किमान ७५ टक्क्यांची मर्यादा ठेवली होती. निम्म्याहून अधिक वेळा चुकणाऱ्या विधानाला नियम म्हणावे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

तथापि क्लायमर यांच्या अभ्यासातील अधिक मोलाचा भाग जोडीनिहाय आकड्यांत आहे. 'ओ-ए' या जोडीला हा नियम ९७ टक्के लागू पडतो. 'ई-ई' या जोडीचा दीर्घ ई हा उच्चार ९८ टक्के शब्दांत आढळतो. 'ई-ए' मध्ये हे प्रमाण ६६ आणि 'ए-आय' मध्ये ६४ टक्के आहे. 'यू-आय' या जोडीत ते अवघे ६ टक्के आहे. 'आय-ई' मध्ये आय मुका व ई दीर्घ असतो, हा स्वतंत्र नियम केवळ १७ टक्के ठिकाणी खरा ठरतो. हे आकडे अमेरिकी उच्चारांवर आणि बालवाचनातील शब्दसंग्रहावर आधारलेले आहेत. महाविद्यालयीन शब्दसंग्रहात ते थोडे बदलतील. परंतु त्यांतून निघणारा मुख्य निष्कर्ष बदलणार नाही. स्वरजोड्या एकाच जातीच्या नाहीत. काही अत्यंत विश्वसनीय आहेत, काही दोनतृतीयांश आणि काहींवर विसंबणे धोक्याचे आहे. सर्वांना एकाच नियमाच्या दावणीला बांधल्यामुळे विश्वसनीय जोड्यांचा लाभही विद्यार्थ्याला मिळत नाही.

शिवाय नियम मोडणारे शब्द कोणते, हेही पाहावे लागेल. 'सेड' (म्हणाला), 'फ्रेंड' (मित्र), 'ग्रेट' (थोर), 'हेड' (डोके), 'यंग' (तरुण), 'कुड' (शकला) हे शब्द रोजच्या वापरातील आहेत. नियम दुर्मीळ शब्दांत चुकला असता तर चालले असते. तो प्रत्येक परिच्छेदात भेटणाऱ्या शब्दांत चुकतो.

असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला आणि पुढील काळात लेखन हळूहळू स्थिर होत गेले. त्याच काळात इंग्रजीतील दीर्घ स्वर आपली स्थाने बदलत होते. येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने या घडामोडीस महास्वरांतर अशा अर्थाचे नाव दिले. सोळाव्या शतकात 'ई-ई' ही जोडी संवृत ए-सदृश स्वरासाठी आणि 'ई-ए' ही विवृत ए-सदृश स्वरासाठी रूढ होत होती. म्हणजे 'मीट' (भेटणे) आणि 'मीट' (मांस) हे शब्द वेगळे लिहिले गेले, कारण ते वेगळे उच्चारले जात. पुढे दोन्ही स्वर ई या एकाच स्थानी येऊन मिळाले. लेखनातील भेद मात्र राहिला. 'ग्रेट', 'ब्रेक', 'स्टेक' हे शब्द या प्रवासात मागे थांबले. 'ब्रेड', 'हेड', 'डेड' यांतील स्वर ऱ्हस्व झाले. र पुढे आला तेथे आणखी फाटे फुटले : 'हिअर' (ऐकणे), 'बेअर' (अस्वल), 'हार्ट' (हृदय), 'लर्न' (शिकणे). एका 'ई-ए' जोडीचे असे सात उच्चार झाले. 'ओ-ओ' जोडीचेही तसेच. 'फूड' (अन्न) मध्ये दीर्घत्व टिकले, 'गुड' (चांगला) मध्ये ते पुढे गेले, आणि 'ब्लड' (रक्त), 'फ्लड' (पूर) यांत ते आधीच गेल्यामुळे ऱ्हस्व उ पुढे अ-सदृश झाला.

या इतिहासाचा अध्यापनास थेट उपयोग आहे. अपवाद विस्कळीत नाहीत, त्यांचे गट आहेत. 'ओ-ओ' नंतर के आल्यास, 'बुक', 'लुक', 'कुक', 'टुक' याप्रमाणे, स्वर जवळजवळ नेहमी ऱ्हस्व असतो. 'ई-ए' नंतर डी आल्यास ऱ्हस्व ए संभवतो, जरी 'बीड' (मणी), 'लीड' (नेतृत्व करणे) हे शब्द दीर्घ राहिले. उच्चार स्वरजोडीवरून ठरविण्यापेक्षा स्वरजोडी व तिच्या पुढील व्यंजन यांच्या एकत्रित रूपावरून ठरविणे अधिक सुरक्षित आहे.

४. मराठी कानाची व्यवस्था

आतापर्यंत इंग्रजी लेखनाचा विचार केला. आता शिकणाऱ्याच्या भाषेकडे वळले पाहिजे, कारण विद्यार्थी इंग्रजी स्वर रिकाम्या कानाने ऐकत नाही.

प्रमाण मराठीत इ-ई आणि उ-ऊ यांतील ऱ्हस्वदीर्घभेद बहुतांशी अर्थभेदक नाही. तो शब्दातील स्थानावर अवलंबून असतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांतही मराठी अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावा, असे सांगितले आहे. 'वीट' पण 'विटा', 'फूल' पण 'फुले', ही सवय प्रत्येक मराठी भाषकाच्या जिभेवर आहे. हाच नियम इंग्रजी शब्दांनाही लागू होतो. इंग्रजी मोजमापातील 'फूट' या शब्दात मूळ स्वर ऱ्हस्व आहे, पण मराठीत तो दीर्घ झाला, कारण तो उपान्त्य आहे. तोच शब्द 'फुटबॉल', 'फुटपाथ' यांत आला की ऱ्हस्व होतो. येथे मूळ इंग्रजी उच्चाराशी मेळ बसतो, पण तो योगायोगाने. कारण मराठीच आहे.

याचे सुंदर उदाहरण म्हणजे 'सुटाबुटात' हा आपला शब्दप्रयोग. 'सूट' मध्ये 'यू-आय' आणि 'बूट' मध्ये 'ओ-ओ' ही जोडी आहे. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी स्वर दीर्घ आहेत व ते कोणत्याही स्थितीत दीर्घच राहतात. मराठीत मात्र सामान्यरूप होताच दोन्ही ऱ्हस्व झाले. मराठीने हे शब्द पूर्णपणे आपले केले आहेत आणि मराठी बोलताना ते तसेच उच्चारणे योग्य आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा ही सवय इंग्रजी वाक्यात जाते. 'सिट' (बसणे) आणि 'सीट' (आसन), 'फुल' (पूर्ण) आणि 'फूल' (मूर्ख) या जोड्यांत इंग्रजी अर्थ बदलते. मराठी कानाला तेथे भेदच जाणवत नाही, कारण एकाक्षरी शब्दात स्वर दीर्घ करणे त्याला स्वाभाविक वाटते. अशा विद्यार्थ्याला 'नीट ऐक' असे सांगून भागत नाही. त्याच्या भाषेत जो भेद स्थानावरून आपोआप ठरतो, तो येथे जाणीवपूर्वक राखावयाचा आहे, हे समजावून द्यावे लागते.

द्विस्वरांच्या बाबतीत मराठीची दुसरी एक सवय दिसते. इंग्रजी 'आउ' या सरकत्या ध्वनीस मराठीने किती रूपे दिली ते पाहावे : 'पौंड', 'पावडर', 'टॉवेल', 'गाऊन', 'ग्राउंड'. मुळात सर्वांत ध्वनी एकच. मराठीत औ, आव, ऑव, आऊ, आउ अशी पाच रूपे झाली. 'पौंड' हा जुना शब्द मराठीच्या स्वतःच्या औकारात बसला. 'पावडर' मध्ये व्-श्रुती आली. 'टॉवेल' मध्ये 'ओ' हे अक्षर डोळ्यांना दिसल्यामुळे ऑ आला असावा. 'गाऊन' हे रूप तर 'गाणे म्हणून' या अर्थाच्या मराठी शब्दाशी अक्षरशः जुळते.

येथेच 'हाउस' की 'हाऊस', 'टाइम' की 'टाईम' हा नित्याचा वाद येतो. केडगावातून जाणाऱ्या पुणे मार्गासारख्या कोणत्याही रहदारीच्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्या वाचत गेल्यास दोन्ही रूपे शेजारी शेजारी भेटतात. राज्याच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. त्यामुळे असे देवनागरी लेखन आता विद्यार्थ्याच्या दृष्टीस अधिकच पडते. दीर्घ ऊ लिहिणारे 'पाऊस' या शब्दाचा नमुना पुढे ठेवतात. परंतु 'पाऊस' मध्ये 'पा' आणि 'ऊस' असे दोन अवयव आहेत. इंग्रजी 'हाउस' मध्ये एकच. ध्वनीच्या दृष्टीने हा शब्द 'पाऊस' पेक्षा 'हौस' या मराठी शब्दाला अधिक जवळचा आहे. 'पाऊस' चे 'पावसात' होते, पण 'हाऊस' चे 'हावसात' कोणीही करीत नाही. म्हणजे बोलताना मराठी भाषकही हे दोन शब्द एका वर्गातील मानीत नाहीत. केवळ लिहिताना मानतात. म्हणून निदान उच्चार दाखविण्यासाठी लिहिताना दुसरा घटक ऱ्हस्व, म्हणजे 'हाउस', 'टाइम', 'पॉइंट', असाच लिहावा.

५. देवनागरीची मदत आणि मर्यादा

उच्चार देवनागरीत लिहून देणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिकांवर सरसकट टीका करण्याची प्रथा आहे. ती न्याय्य नाही. देवनागरी ही ध्वनीशी प्रामाणिक राहण्याचा प्रयत्न करणारी लिपी आहे आणि गरजेप्रमाणे तिने चिन्हे वाढविली आहेत. एकोणिसाव्या शतकात 'ब्यांक', 'ग्यास', 'म्यानेजर', 'कालेज', 'डाक्टर' असे लेखन होत असे. पुढे ॲ आणि ऑ ही चिन्हे रूढ झाली आणि 'बँक', 'गॅस', 'कॉलेज', 'डॉक्टर' असे लिहिता येऊ लागले. हिंदीत ऐ या अक्षराचा उच्चार साधा झाल्यामुळे 'बैंक' असे लिहून भागते. मराठीत ऐकाराचा अइ हा उच्चार जिवंत असल्याने स्वतंत्र चिन्हाची गरज भासली. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ व ऑ यांना वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले. 'कोट' (अंगरखा) आणि 'कॉट' (खाट), 'बोट' (नौका) आणि 'बॉट' (विकत घेतले) हे भेद आज आपण निःसंदिग्धपणे दाखवू शकतो, हे या चिन्हाचे श्रेय होय.

लिपीची मर्यादा एकाराच्या ठिकाणी उघडी पडते. इंग्रजीतील ऱ्हस्व ए आणि 'ए-आय' या जोडीने दर्शविला जाणारा द्विस्वर, दोन्ही देवनागरीत एकाच मात्रेने लिहिले जातात. परिणामी 'पेन' (लेखणी) आणि 'पेन' (वेदना), 'वेट' (ओला) आणि 'वेट' (थांबणे), 'टेस्ट' (चाचणी) आणि 'टेस्ट' (चव), 'सेल' (विकणे) आणि 'सेल' (विक्री) हे शब्द लिहिताना एकरूप होतात. मराठीत ए ऱ्हस्व की दीर्घ असा अर्थभेदक फरकच नसल्याने लिपीला तो दाखविण्याची गरज कधी पडली नव्हती. 'ई-ए' जोडीचे 'ब्रेड' आणि 'ब्रेक' हे दोन भिन्न उच्चारही देवनागरीत एकाच एकाराखाली लपतात. विद्यार्थी पुस्तिकेतील उच्चार अचूक वाचतो आणि तरीही चुकतो. दोष त्याचा नसतो, त्याला मिळालेल्या साधनात भेद नोंदलेलाच नसतो.

याहून सूक्ष्म अडचण म्हणजे मराठी शब्दांशी होणारा आकस्मिक मेळ. 'ई-ए' जोडीचा 'अर्थ' (पृथ्वी) हा शब्द देवनागरीत आपल्या 'अर्थ' या शब्दाशी एकरूप होतो. 'ओ-यू' या जोडीचा खोकला या अर्थाचा शब्द मुळात 'कॉफ' असा आहे. परंतु मराठीत सर्वत्र 'कफ सिरप' असेच लिहिले व बोलले जाते. संस्कृतातून आलेला कफ हा शब्द ध्वनीने आणि अर्थानेही इतका जवळ आहे की दोघांची सांगड बसणे स्वाभाविक होते. अशा ठिकाणी चूक केवळ स्वरजोडीची नसते. परिचित शब्द अपरिचित शब्दाला आपल्याकडे ओढून घेतो.

६. उच्चाराचे उद्दिष्ट

येथे एक आक्षेप संभवतो. भारतीय इंग्रजीची स्वतःची उच्चारपद्धती आहे. मग इंग्लंडच्या द्विस्वरांचा आग्रह कशासाठी? हा आक्षेप मोलाचा आहे आणि बहुतांशी मान्य करण्याजोगा आहे. भारतीय इंग्रजीत 'गेट' (फाटक), 'रोड' (रस्ता) यांतील स्वर सामान्यतः सरकत नाहीत. ते दीर्घ व साधे असतात. सुशिक्षित भारतीय वक्ते असेच बोलतात आणि ते जगभर समजते. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० मध्ये आंतरराष्ट्रीय इंग्रजीच्या उच्चारांविषयी केलेल्या मांडणीतही स्वरांच्या गुणापेक्षा ऱ्हस्वदीर्घभेदाला अधिक महत्त्व दिले आहे. म्हणून ए-कडून इ-कडे जीभ किती सरकली, हे मोजत बसणे आपल्या वर्गात अनावश्यक आहे.

परंतु याच तत्त्वावरून दुसरी बाजूही सिद्ध होते. गुण सोडता येईल, भेद सोडता येणार नाही. लेखणी आणि वेदना, चाचणी आणि चव, बसणे आणि आसन हे शब्द ऐकणाऱ्याला वेगळे कळलेच पाहिजेत. 'भारतीय उच्चार' या नावाखाली हे भेद पुसले जात असतील, तर त्याचे समर्थन करता येणार नाही. तसेच भेद राखून बोलणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ परदेशी वळण नाही म्हणून कमी लेखणे हेही अन्यायाचे आहे. आपल्याकडे मूल्यमापनात नेमके उलट घडते. सफाईदार वळणाला गुण मिळतात आणि अर्थभेदक दीर्घत्वाकडे दुर्लक्ष होते. शहरी, इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यास याचा फायदा आणि ग्रामीण विद्यार्थ्यास तोटा होतो.

७. अध्यापनासाठी सूचना

वरील विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(१) 'पहिला स्वर बोलतो' हा सर्वसाधारण नियम न सांगता जोड्यांची विश्वसनीयतेनुसार प्रतवारी करावी. 'ई-ई', 'ओ-ए', 'ओ-आय' या जोड्या आधी, 'ए-आय' व 'ई-ए' त्यानंतर गटवार आणि 'ओ-यू', 'आय-ई', 'यू-आय' या जोड्या शब्दशः शिकवाव्यात.

(२) नेहमीच्या वापरातील अपवाद नियमाआधी शिकवावेत. ते कानाने पक्के झाल्यास पुढे नियम त्यांना बिघडवू शकत नाही.

(३) जे. सी. वेल्स यांनी १९८२ मध्ये इंग्रजी स्वरांच्या तुलनेसाठी २४ शब्दसंच योजले. त्या धर्तीवर मराठी विद्यार्थ्याला आधीच परिचित असलेल्या शब्दांचे संच करावेत. 'कॅप्टन', 'ग्रुप', 'डबल', 'ऑइल' यांसारखे शब्द मराठीने कानाने घेतले असल्याने त्यांतील स्वर मुळाशी जवळचे आहेत. स्वरजोडीचा नवा शब्द अशा परिचित शब्दाच्या शेजारी ठेवावा.

(४) देवनागरीत उच्चार लिहून देताना, केवळ वर्गापुरता, दीर्घ एकारासाठी अवग्रहाचा उपयोग करावा : 'पेन' (लेखणी), परंतु 'पेऽन' (वेदना), 'टेस्ट' (चाचणी), परंतु 'टेऽस्ट' (चव). अवग्रह मराठी वाचकाला लांबविलेल्या उच्चाराची खूण म्हणून ठाऊक आहे. 'पेइन' असे लिहिण्यापेक्षा ही खूण भारतीय इंग्रजीतील दीर्घ साध्या स्वराला अधिक अनुरूप आहे. सर्वसाधारण मराठी लेखनात मात्र असा बदल करण्याचे कारण नाही.

(५) मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दाचे दोन संसार असतात. मराठी वाक्यात 'बूट–बुटाचा' हेच शुद्ध. इंग्रजी वाक्यात दीर्घत्व राखणे हेच शुद्ध. एकाच्या मापाने दुसऱ्याला चूक ठरवू नये. हा फरक इंग्रजीच्या तासाला मराठीच्या अध्यापकांच्या सहकार्याने समजावून देता येईल.

८. निष्कर्ष

इंग्रजी स्वरजोड्यांचा उच्चार हा पाठांतराचा अथवा निव्वळ अनुकरणाचा विषय नाही. एकीकडे शतकांपूर्वीचे उच्चार जतन करणारे इंग्रजी लेखन आणि दुसरीकडे स्थानानुसार स्वरांची लांबी ठरविणारी मराठी, या दोन व्यवस्थांच्या मध्ये विद्यार्थी उभा असतो. त्याला अर्धाच खरा असलेला नियम आणि अर्धेच भेद दाखविणारे लेखन देऊन आपण त्याच्याकडून पूर्ण अचूकतेची अपेक्षा करतो. ही अपेक्षा न्याय्य व्हावयाची तर साधने सुधारली पाहिजेत. जोड्यांची प्रतवारी, गटवार अपवाद, देवनागरीचा डोळस वापर आणि अर्थभेदाला प्राधान्य देणारे मूल्यमापन हे चारही उपाय खर्चिक नाहीत. त्यांसाठी प्रयोगशाळाही लागत नाही. त्यासाठी इंग्रजीच्या अध्यापकाला मराठीचे ध्वनिशास्त्र अवगत असणे मात्र आवश्यक आहे. विद्यार्थी 'फूट' दीर्घ का म्हणतो, हे ज्या अध्यापकाला सांगता येते, तोच त्याला इंग्रजीतील ऱ्हस्व उच्चाराकडे संकोच न वाटू देता नेऊ शकतो.